चेनसॉच्या साखळीला हाताने धार लावताना

लाकूड कापताना बारखालून, म्हणजे साखळी जिच्याभोवती फिरते त्या पट्टीखालून, काय पडतंय ते आधी बघा. जाडसर ढलप्या उडत असतील तर साखळीला धार आहे. पिठासारखा भुसा पडायला लागला की धार गेली, मग मशीनचा आवाज कितीही जोरकस असो. वाळकं किंवा किडकं लाकूड असेल तर चांगल्या धारेनेही भुसा बारीकच पडतो, तेव्हा दुसरी खूण हाताला कळते. धार असेल तर साखळी लाकडात आपणहून उतरते, आपण फक्त मशीन सांभाळायचं. धार गेली की नकळत आपण मुठीवर रेटा द्यायला लागतो. खांदे भरून येतात, बार तापतो, तेल नीट येत असूनही चिरेतून धूर निघतो. इथवर येऊ देऊ नका. बोथट साखळीने आणखी दहा मिनिटं रेटून कापलं, तर नंतर कानस चालवायचं काम दुप्पट होतं आणि बारही झिजतो तो वेगळाच.

माझा रिवाज सांगतो. पेट्रोलची टाकी रिकामी झाली किंवा बॅटरी उतरली की साखळी बघायची आणि प्रत्येक दाताला कानशीचे दोन-तीन हात द्यायचे. साखळी मातीला, दगडाला किंवा खिळ्याला लागली तर टाकी संपायची वाट बघायची नाही, तिथेच थांबायचं. मातीला नुसतं ‘जरासं’ लागलं असं आपण म्हणतो, पण हिशेब करून बघा. ३/८ इंच पिचची (पिच म्हणजे रिव्हेटांमधल्या अंतराचं माप, ते कसं काढायचं ते पुढे येईल), ५६ ड्राइव्ह लिंकची (म्हणजे बारच्या खाचेत बसणाऱ्या कड्यांची) साखळी साधारण १.०७ मीटर लांब असते. ती सेकंदाला २० मीटर वेगाने धावत असेल तर एका सेकंदात जवळजवळ १९ फेऱ्या होतात. म्हणजे मातीला एकच सेकंद टेकलं, तरी प्रत्येक दात तेवढ्या वेळा मातीतून गेला.

एक दात जवळून बघा

कानस हातात घेण्याआधी उजेडात बसून एक दात नीट न्याहाळा. बहिर्गोल भिंग असेल तर उत्तम. दाताचा वरचा सपाट भाग म्हणजे माथा. तिथून काटकोनात खाली वळलेला बाजूचा भाग म्हणजे गाल. गाल लाकडाचे तंतू बाजूने तोडतो आणि माथ्याची धार ते खालून खरवडून उचलते. दोघे जिथे मिळतात तो कोपरा लाकडात सगळ्यात आधी शिरतो आणि सगळ्यात आधी बोथट होतो. दाताच्या पुढ्यात शार्कच्या पंखासारखा उंचवटा दिसतो, तो डेप्थ गेज. बरेच जण त्याला रेकर म्हणतात. दाताने एका वेळी किती जाड ढलपी घ्यायची ते तो ठरवतो.

माथ्याच्या आणि गालाच्या बाहेरच्या अंगाला कठीण क्रोमचा अगदी पातळ मुलामा असतो. लाकडात टिकते ती धार या क्रोमची असते, आतलं पोलाद फक्त त्याला आधार देतं. म्हणून क्रोमचा कपचा उडालेला असेल तर त्याच्या मागे पोलादाला कितीही सुंदर धार काढा, ती पहिल्या ओंडक्यातच मरते. क्रोम जिथून पुन्हा अखंड आहे तिथवर घासत जावंच लागतं.

आता तो कोपरा उजेडाकडे धरा. धार गेलेल्या कोपऱ्यावर केसासारखी बारीक पांढरी चमक दिसते. ती चमक म्हणजे गोल झालेली कड, तिच्यावरून उजेड परततो. खऱ्या धारेला रुंदीच नसते, त्यामुळे तिच्यावरून उजेड परतत नाही, ती काळी दिसते. या लेखात मला सांगायचं आहे ते मुख्यतः हेच: कानशीचे हात मोजून थांबू नका, चमक गेली का ते बघून थांबा. पाच हात पुरे हे कोणी ठरवलं? कधी दोन पुरतात, कधी पंधरा लागतात.

आजचा हा दात १९४६ सालच्या एका निरीक्षणातून आला. अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात लाकूडतोडीचं काम करणाऱ्या जोसेफ कॉक्स यांनी एका बुंध्यात भुंग्याची अळी लाकूड पोखरताना पाहिली. तिचे जबडे इंग्रजी सी अक्षरासारखे वळलेले होते आणि ती तंतूंच्या दिशेने काय, आडवी काय, सारख्याच सहजतेने पुढे जात होती. त्याआधीच्या साखळ्यांचे दात हातकरवतीसारखे, लाकूड ओरबाडणारे असत आणि त्यांना धार लावणं फार वेळखाऊ होतं. कॉक्स यांनी तो वळलेला जबडा पोलादात उतरवला आणि १९४७ मध्ये अशा साखळ्या बनवायला सुरुवात केली. आपण एकाच गोल कानशीने माथा आणि गाल या दोन्हींची धार एकदम काढू शकतो, ते या वळणामुळेच.

कानस कोणती घ्यायची

इथे सर्वाधिक चुका होतात. कानशीची जाडी साखळीच्या पिचवर ठरते. पिच मोजायला सलग तीन रिव्हेट घ्या, पहिल्याच्या मध्यापासून तिसऱ्याच्या मध्यापर्यंतचं अंतर मोजा आणि त्याला दोनने भागा. भागण्याआधीचं अंतर १२.७ मिमी आलं तर पिच १/४ इंच, १६.५ मिमी आलं तर ०.३२५, १९ मिमी आलं तर ३/८ आणि २०.५ मिमी आलं तर ०.४०४. १/४ साठी ४.० मिमीची गोल कानस, ०.३२५ साठी ४.८ मिमीची, ०.४०४ साठी ५.५ मिमीची.

३/८ मध्ये एक गोम आहे. या पिचच्या दोन प्रकारच्या साखळ्या मिळतात. मोठ्या मशीनवरच्या पूर्ण उंचीच्या साखळीला ५.२ किंवा ५.५ मिमीची कानस लागते. लहान मशीनवर असते ती ठेंगण्या दातांची, लो प्रोफाइल. तिला बहुतेक वेळा ४.० मिमी, काही साखळ्यांना ४.५ मिमी. पिच तेच म्हणून मोठी कानस लहान दातात घातली तर ती खाली बसतच नाही, माथ्याची धार मागे ढळते आणि साखळी लाकडावरून नुसती घसरते. साखळीच्या वेष्टणावर कानशीचं माप आणि कोन दोन्ही छापलेले असतात, ते वेष्टण फेकू नका. १.३ किंवा १.५ मिमी असा आकडा दिसला तर तो ड्राइव्ह लिंकच्या जाडीचा आहे, कानशीशी त्याचा संबंध नाही.

गोल कानशीला मूठ बसवलेलीच हवी. तिचं उघडं शेपूट तळहातात घुसतं. शिवाय एक चपटी कानस, डेप्थ गेज मोजायची पट्टी, मार्कर आणि जमल्यास कॅलिपर. कानशीवर बसणारा, कोनाच्या रेषा कोरलेला फाइल गाइड नवशिक्याने जरूर घ्यावा. तो कानस योग्य उंचीवर धरून ठेवतो. हात बसला तरी मी तो अधूनमधून वापरतो, कारण हाताला वाकडी सवय कधी लागली ते कळत नाही.

दाताच्या टोकाला कार्बाइडचा तुकडा जोडलेल्या साखळ्याही असतात. त्यांच्यावर साधी कानस चालत नाही, त्यांना हिऱ्याचं हत्यार लागतं.

बैठक

इंजिन बंद करा आणि स्पार्क प्लगची वायर काढून ठेवा, बॅटरीचं मशीन असेल तर बॅटरीच बाहेर काढा. हातमोजे घाला. स्थिर साखळीवरूनही हात निसटला तर बोट खोलवर कापतं.

बार व्हाइसमध्ये पकडा. रानात असाल तर ओंडक्यात ठोकून बसवता येणारा छोटा व्हाइस मिळतो. तोही नसेल तर ओंडक्याला चीर पाडून बार तिच्यात घट्ट बसवा, हे काम अर्थात बॅटरी किंवा वायर काढण्यापूर्वी. मांडीवर मशीन घेऊन धार लावू नका. मशीन हललं की कोन बदलतो, मग प्रत्येक दात वेगळा होतो.

साखळी नेहमीपेक्षा किंचित ताणून घ्या. ढिली असेल तर दात कानशीखाली डुलतो आणि धार गोल होते. पुढे सरकवायची नसेल तेव्हा चेन ब्रेक लावून ठेवा. दातांवरचा राळ आणि तेलाचा चिखल तारेच्या ब्रशने काढा, नाहीतर कानशीचे खाचे पहिल्या पाच दातांतच भरतात. मग मार्करने एका दातावर खूण करा, तिथून सुरुवात. अगदी झिजलेला, सगळ्यात आखूड दात सापडला तर त्याच्यापासूनच सुरुवात करणं बरं, का ते पुढे येईल.

कानशीचा हात

साखळीत दात एकाआड एक उजवे आणि डावे असतात. कानस नेहमी दाताच्या आतून बाहेर, म्हणजे आपल्यापासून दूर ढकलायची. उलट्या दिशेने गेलात तर कानस आधी कठीण क्रोमवर आदळते आणि तिचेच दात मरतात. म्हणून बारच्या एका बाजूला उभं राहून, ज्यांचा गाल पलीकडे आहे असे दात आधी सगळे करा. मग मशीन वळवा किंवा आपण वळा आणि उरलेले करा.

बहुतेक साखळ्यांच्या माथ्यावर मागच्या टोकाशी एक तिरपी रेघ कोरलेली असते. कानस वरून बघितली असता त्या रेघेला समांतर दिसली पाहिजे. हा कोन बहुधा ३० अंश, काही साखळ्यांना २५ अंश. लाकडाच्या लांबीत फळ्या पाडायच्या साखळीला मात्र १० अंशांच्या आसपास. कानस बहुतेक साखळ्यांत आडवी, वर-खाली न कलवता धरायची असते. मोजक्या साखळ्यांना ती १० अंश कलवायला सांगतात, ते वेष्टणावर वाचा.

उंचीकडे सगळ्यात जास्त लक्ष द्या. कानशीच्या जाडीचा साधारण पाचवा भाग माथ्याच्या वर दिसला पाहिजे, ४.८ मिमीच्या कानशीचा जेमतेम एक मिमी. कानस फार खाली गेली तर दाताला आकड्यासारखी अणकुचीदार धार येते. पहिल्या दोन मिनिटांत ती झकास कापते, मग कोसळते, कारण तिच्यामागे पोलादच उरलेलं नसतं. कानस फार वर राहिली तर धार मागे कलते आणि दात लाकूड धरतच नाही. कामानंतर बाजूने बघून गाल जवळजवळ उभा आहे का, हे तपासत जा.

आता हात मारा. मूठ उजव्या हातात, कानशीचं पुढचं टोक डाव्या हाताच्या दोन बोटांत. दाब दातात मागच्या बाजूला आणि अगदी किंचित वर, खाली कधीच नाही. पूर्ण लांबीचा, सलग, न डुलवता एक हात. टोकाला पोचलात की कानस उचलून मागे आणा. परतताना ती दातावर घासत आणली तर काहीच कापलं जात नाही, उलट कानस बोथट होते. दर एक-दोन दातांनंतर ती बोटांत थोडी फिरवा, म्हणजे सगळ्या अंगाने सारखी झिजेल.

चांगली कानस चांगल्या दातावर चालते तेव्हा खरखरीत, एकसारखा आवाज येतो आणि बारीक चुरा पडतो. आवाज पातळ होऊन ती घसरायला लागली तर दोन शक्यता. एक, कानस संपली. दुसरी, त्या दाताचं पोलाद तापून कडक झालंय. बोथट साखळी रेटल्यावर किंवा ग्राइंडरच्या चाकावर दात निळा पडल्यावर असं होतं. त्या दाताला चिकाटीने दाब देऊन कडक थर पार करावा लागतो.

दोन-तीन हात झाले की कोपरा बघा. चमक उरली आहे? आणखी एक हात. गेली? पुढचा दात. माथ्याच्या आणि गालाच्या बाहेरच्या कडेला उलटलेली अतिबारीक पत्र्यासारखी किनार बोटाला जाणवते, ती लाकडाच्या तुकड्यावर साखळी हाताने हलकेच ओढून काढून टाका. तिला धार समजू नका.

सगळे दात सारखे

मला कोणी विचारलं की हाताने लावलेली धार ग्राइंडरसारखी सरळ का चालत नाही, तर उत्तर बहुतेक वेळा एकच असतं. एका बाजूचे दात लांब राहिलेत किंवा एका बाजूला धार जास्त आहे. उजव्या हाताने काम करणाऱ्याचा दाब एका बाजूला आपोआप वाढतो. पाच-सहा वेळा धार लावून झाली की फरक साठतो आणि चीर सरळ खाली न जाता धार जास्त असलेल्या बाजूला वळते. जाड ओंडक्यात तर बार अडकूनच बसतो.

म्हणून माथ्याची लांबी कॅलिपरने मोजा. सगळ्यात आखूड दात हा मानदंड, बाकीचे त्याच्या लांबीला आणायचे. आखूड दात लांब करता येत नाही! खिळ्याला लागून एकच दात अर्धा झाला असेल, तर बाकी २७ दात त्याच्यापायी संपवू नका. तो एक तसाच आखूड ठेवा, त्याचा डेप्थ गेज मात्र त्याच्या उंचीनुसार बेताने खाली घ्या. एक दात कमी कापेल, चालतं. पण आठ-दहा दातांची ती गत असेल तर सगळी साखळी खाली आणण्याला पर्याय नाही.

डेप्थ गेज: मोजल्याशिवाय हात लावू नका

माथा मागे उतरता असतो. दात घासून आखूड होतो तशी त्याची धारही खाली येते आणि डेप्थ गेज होता तिथेच राहतो. दोघांमधलं अंतर कमी होतं, दाताला लाकडात शिरायला जागाच उरत नाही. धार अगदी काळी, स्वच्छ, तरी भुसा बारीक पडतोय, तर दोष इथे आहे.

हे मला कळलं तेव्हा मी उत्साहाच्या भरात चपटी कानस घेऊन सगळे डेप्थ गेज अंदाजाने खाली घेतले. दोन हात जास्तच पडले असतील. पुढच्या ओंडक्याला बार टेकवताच मशीनने असा हिसका दिला की दोन्ही मनगटं दुखावली. साखळी लाकूड कापत नव्हती, त्यात रुतत होती. मशीन अडखळत, थरथरत राहिलं. सुदैवाने बारचं टोक मोकळं होतं. डेप्थ गेज जास्त खाली गेला की बारच्या टोकाचा वरचा भाग कशाला लागल्यावर मशीन उसळून अंगावर येण्याचा धोका फार वाढतो. मी त्या दिवशी काम थांबवलं आणि पुढे ती साखळी वापरली नाही.

तेव्हापासून पट्टीशिवाय मी त्याला हात लावत नाही. ३/८ आणि ०.३२५ पिचला धार आणि डेप्थ गेज यांच्या उंचीत साधारण ०.६५ मिमीचा फरक ठेवतात, ०.४०४ ला ०.८ मिमी. नेमका आकडा वेष्टणावर असतो. पट्टी साखळीवर बसवा, तिच्या खाचेतून डेप्थ गेजचं जे टोक वर डोकावेल तेवढंच चपट्या कानशीने समतल करा. टोक वर आलंच नाही तर त्याला हातच लावायचा नाही. शेवटी पट्टी काढून डेप्थ गेजची पुढची कड कानशीने पहिल्यासारखी गोलसर करा. चौकोनी कड लाकडात अडखळते. तीन ते पाच वेळा धार लावली की एकदा हे तपासलं तरी पुरे. आधी दात, मग डेप्थ गेज, हा क्रम मात्र सोडू नका.

उरलेलं थोडक्यात

गोल कानस ही खर्चून टाकायची वस्तू आहे. ती तेलात ठेवू नका, तेलाने भुकटी खाचांत चिकटते. इतर हत्यारांबरोबर पेटीत खडखडत ठेवली तरी ती मरते, कापडात गुंडाळून वेगळी ठेवा. घसरायला लागली की बदला. बोथट कानशीने धार लावायला बसलेला माणूस दाब वाढवतो, आणि दाब वाढला की कोन जातो.

साखळी उतरवलीच असेल तर बारची खाच पातळ पत्र्याने साफ करा, तेलाचं भोक मोकळं करा, कडेला उलटलेली किनार चपट्या कानशीने घासून टाका आणि बार उलटा करून बसवा. दोन्ही कडा सारख्या झिजतील. धातूचा चुरा पुसून साखळीला तेल द्या. ताण पुन्हा नेहमीचा करा. थंड साखळी बारला खालून चिकटलेली असावी, आणि हातमोजा घालून ओढली तर सहज फिरावी.

दात झिजत झिजत माथ्यावरच्या शेवटच्या खुणेपर्यंत आले, किंवा माथ्याची लांबी ४ मिमीच्या खाली गेली, की साखळी बदला. त्यापुढे दात तुटून उडू शकतो. चीर गेलेला दात किंवा ढिलं रिव्हेट दिसलं तर कितीही धार उरली असली तरी ती साखळी वापरायची नाही.

आता प्लगची वायर लावा आणि मनगटाएवढ्या नव्हे, चांगल्या जाड ओंडक्यावर चाचणी घ्या. बारीक फांदी कुठलीही साखळी कापते. मशीन पूर्ण वेगात आणा, ओंडक्यावर ठेवा आणि मुठीवरचा दाब काढून घ्या. साखळी आपल्या वजनाने उतरली, चीर सरळ गेली आणि पायाशी जाडसर ढलप्यांचा ढीग पडला तर ती तयार आहे. डावीकडे ओढली तर डावे दात जास्त धारदार आहेत. बॅटरी किंवा वायर पुन्हा काढा, उजव्या दातांना दोन-दोन हात द्या आणि दुसरी चकती कापून बघा.